पाटी नसलेली चौफुली

ज्या चौकात दिवा नाही, हवालदार नाही, 'थांबा' किंवा 'वाट द्या' अशी पाटी नाही आणि डांबरावर पांढरा पट्टाही नाही, त्याला वाहतुकीच्या शास्त्रात अनियंत्रित चौक म्हणतात. महाराष्ट्रात अशा जागांना नावे पुष्कळ. चार वाटा मिळतात ती चौफुली, तीन मिळतात तो तिठा किंवा तिकटी, हमरस्त्यावरून गावाकडे वाट फुटते तो फाटा. शहरातल्या वसाहतींमधले रस्ते एकमेकांना छेदतात, त्या कोपऱ्यांना बहुतेक वेळा नावही नसते. अपघात झाला, की मात्र पोलिसांच्या कागदावर 'अमुक किराणा दुकानासमोर' असा त्या कोपऱ्याचा पत्ता उमटतो.

दुहेरी वाहतुकीच्या दोन साध्या रस्त्यांच्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांच्या आड येतील असे ३२ बिंदू असतात. त्यांतल्या १६ ठिकाणी मार्ग एकमेकांना छेदतात, ८ ठिकाणी मिळतात आणि ८ ठिकाणी फुटतात. तिठ्यावर ही संख्या ९ वर येते. सिग्नलचा दिवा वेळेची वाटणी करून यातल्या बऱ्याच गाठी सोडवतो. पाटी नसलेल्या चौफुलीवर त्या सगळ्या एकाच वेळी शिल्लक असतात आणि कोण आधी जाणार, हे दोन अनोळखी चालकांनी सेकंदा-दीड सेकंदात ठरवायचे असते. ते चुकले, की हाच प्रश्न पोलीस ठाणे, विमा कंपनी आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरण अशा तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या मापांनी तपासला जातो.

उजवीकडचा आधी

पाटी नसली म्हणजे नियम नाही, असा समज सर्रास आढळतो. तो खरा नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११८ ने केंद्र सरकारला वाहन चालवण्याचे विनियम करण्याचा अधिकार दिला. त्यानुसार आलेल्या 'रूल्स ऑफ द रोड रेग्युलेशन्स, १९८९' मध्ये अशा चौकासाठी दोन सूत्रे होती. मुख्य रस्ता म्हणून ठरवलेल्या रस्त्यावर येताना त्या रस्त्यावरून चाललेल्या वाहनांना आधी जाऊ द्यावे. इतर सर्व ठिकाणी आपल्या उजव्या हाताकडून येणाऱ्या वाहनांना वाट द्यावी. २०१७ मध्ये या विनियमांच्या जागी 'मोटार व्हेइकल्स (ड्रायव्हिंग) रेग्युलेशन्स' आली, पण हा गाभा तसाच राहिला.

उजवीच बाजू का, हे कागदावर चौक काढला की लगेच कळते. समजा, एक मोटार दक्षिणेकडून उत्तरेकडे चालली आहे आणि एक जीप पूर्वेकडून पश्चिमेकडे येते आहे. भारतात वाहने डाव्या अंगाने चालतात, म्हणून जीप तिच्या रस्त्याच्या दक्षिण अर्ध्या भागात असते. मोटार चौकात शिरते तेव्हा तिला हाच अर्धा भाग आधी लागतो. म्हणजे उजवीकडून येणारे वाहन चौकात पाऊल टाकताच समोर येते, तर डावीकडून येणारे वाहन चौकाचा पलीकडचा अर्धा भाग ओलांडत असते. ज्याच्याशी गाठ आधी पडणार त्याला आधी जाऊ द्यावे, हा हिशेब त्यामागे आहे. या उदाहरणात जीप मोटारीच्या उजवीकडे आहे, म्हणून थांबायचे मोटारीने.

चारही बाजूंनी चार वाहने एकदम आली तर मात्र प्रत्येकाच्या उजवीकडे कोणीतरी असतेच आणि नियमाचे वर्तुळ पूर्ण होते. तेव्हा एकाने हात दाखवून दुसऱ्याला पुढे घालणे एवढाच मार्ग उरतो. प्रत्यक्षात अशी कोंडी क्वचित अपघातापर्यंत जाते, कारण चौघेही थबकलेले असतात. अपघात होतात ते दोघांपैकी एकाने किंवा दोघांनीही वेग न सोडल्यामुळे.

सगळ्या देशांनी हा नियम एकसारखा स्वीकारलेला नाही. फ्रान्समध्ये वाहने उजव्या अंगाने चालतात आणि तिथेही पाटी नसेल तर उजवीकडचा आधी जातो. ब्रिटनची वाहने भारतासारखी डाव्या अंगाने चालतात, पण तिथली वाहतूक संहिता अशा चौकात कोणालाच अग्रक्रम देत नाही आणि सर्वांनी जपून जावे एवढेच सांगते. भारताने अग्रक्रमाचा नियम घेतला आणि त्याच्या जोडीला सावधगिरीची अट ठेवली. चौक, वळण किंवा पादचाऱ्यांची ओलांडण्याची जागा जवळ आली की प्रत्येक चालकाने वेग कमी करावा आणि आत शिरल्याने कोणाच्या जिवाला धोका नाही याची खात्री पटल्याशिवाय शिरू नये, अशी ती अट. ती उजवीकडून येणाऱ्यालाही लागू होते आणि मुख्य रस्त्यावरच्यालाही. दोषाची वाटणी बहुतेक वेळा या अटीवरूनच होते. आपल्या उदाहरणात मोटारीने वाट द्यायला हवी होती हे खरे, पण जीपने वेग कमी केला होता का, हा प्रश्न त्यानंतरही उभा राहतो.

मुख्य रस्ता कोणता?

१९८९ च्या विनियमांत मुख्य रस्ता म्हणजे 'तसा ठरवून दिलेला' रस्ता, असा अर्थ होता. अधिकाऱ्यांनी तसे जाहीर केलेले असावे आणि चालकाला ते पाटीवरून किंवा खुणेवरून कळावे, हे त्यात गृहीत धरलेले होते. अडचण अशी, की पाटी नसलेल्या चौकात नेमकी हीच खूण नसते. राज्य मार्गाला शेतातली पाणंद येऊन मिळते तिथे वाद राहत नाही. पण एकाच वसाहतीतला चाळीस फुटी रस्ता आणि तीस फुटी रस्ता यांत मुख्य कोणता? रुंद रस्त्यावरचा चालक स्वतःला मुख्य रस्त्यावरचा समजतो आणि अरुंद रस्त्यावरचा उजवीकडचा नियम धरून पुढे येतो. दोघेही मनोमन बरोबर असतात.

अशा वेळी तपास करणारे आणि न्यायाधिकरण रुंदी, वर्दळ, बसचा मार्ग, दोन्ही रस्त्यांची नोंद कोणत्या खात्याकडे कशी आहे, असे अनेक धागे एकत्र धरतात. रुंदीमुळे अग्रक्रम आपोआप सिद्ध होत नाही. लहान वाटेवरून येणाऱ्याने जास्त जपायला हवे होते, या म्हणण्याला तिने बळ मात्र मिळते. तिठ्यावर ज्याची वाट संपते त्याने थांबावे आणि सरळ जाणाऱ्याने जावे, असा व्यवहार आहे. वळणाऱ्याने सरळ जाणाऱ्याला वाट द्यावी, हा त्याच धर्तीचा दंडक. चौकात मधोमध वर्तुळ असेल तर वर्तुळात आधीपासून फिरणाऱ्याला बाहेरून येणाऱ्याने वाट द्यायची असते.

रस्त्यावरचे कायदे

विनियमांबरोबरच रस्त्यावर आणखी एक कायदा चालतो आणि तो कुठेच लिहिलेला नाही. मोठी गाडी आणि लहान गाडी यांच्या धडकेत चूक मोठ्या गाडीची, हे त्याचे पहिले कलम. जमाव जमला की निकाल याच कलमाने लागतो. कायद्यात वाहनाच्या आकारावरून दोष ठरत नाही. अवजड वाहनाच्या चालकाकडून जास्त काळजीची अपेक्षा असते, इतकाच त्यातला खरा भाग.

ज्याचे नाक दुसऱ्याच्या कुशीत घुसले तो दोषी, हे दुसरे कलम. मागून धडक बसते तिथे या समजुतीला आधार आहे, कारण पुढच्या वाहनापासून अंतर राखणे हे मागच्याचे कर्तव्य असते. चौफुलीवर तिचा उपयोग नाही. कुशीत मार खाल्लेले वाहन थबकत आलेले असू शकते, तसेच न बघता आडवे घुसलेलेही असू शकते. पुढचा बंपर आणि बाजूचा दरवाजा यांवरून कोणता भाग कशावर आदळला एवढे कळते. कोण वेळेवर थांबू शकला असता, हे कळायला आणखी पुरावा लागतो.

'आधी मी शिरलो होतो' हे तिसरे कलम. त्यात थोडे तथ्य आहे. एखादे वाहन चौक बरेचसे ओलांडून गेले असेल, तर उरलेला भाग त्याला पार करू देणे हे दुसऱ्याचे काम ठरते. पण वेगाने येऊन फुटाभराने पहिला नंबर मिळवणाऱ्याला याचा फायदा मिळत नाही. हॉर्न वाजवल्याने किंवा डिपर दिल्याने अग्रक्रम मिळत नाही. त्यातून डिपरचा अर्थच ठरलेला नाही. 'तुम्ही जा' असे सांगायलाही डिपर मारतात आणि 'मी थांबणार नाही' असे बजावायलाही. समोरच्याने उलटा अर्थ घेतला, तर वाचवण्यासाठी दिलेला इशाराच अपघाताला कारण होतो.

जागेची साक्ष

अशा अपघातात सर्वांत कमी भरवशाचा पुरावा म्हणजे दोन्ही चालकांचे जबाब. महाराष्ट्रातल्या फिर्यादींमध्ये एक ठरलेले वाक्य असते: आरोपीने रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात चालवले. दोन्ही बाजूंनी फिर्याद झाली तर हेच वाक्य दोन्ही कागदांवर येते. मग खरे काय घडले, हे रस्त्याकडूनच काढून घ्यावे लागते.

धडक जिथे झाली ती जागा आणि वाहने शेवटी जिथे थांबली ती जागा वेगवेगळ्या असतात. धडकेच्या क्षणी चाकाच्या कमानीत साठलेली माती आणि चिखल खाली गळतो, दिव्यांच्या काचा फुटतात, रेडिएटरचे पाणी सांडते. वाहनाचा लोखंडी भाग रस्त्याला टेकला तर डांबरावर ओरखडा उठतो. मातीचा ढीग आणि ओरखडे धडकेची जागा बऱ्यापैकी अचूक दाखवतात. काचा पुढे उडतात, म्हणून त्यांच्यावरून दिशा कळते, जागा नेमकी कळत नाही. टायरचे काळे पट्टे सरळ जाऊन जिथे अचानक वाकतात तिथे दुसऱ्या वाहनाचा मार लागलेला असतो.

याच पट्ट्यांवरून वेगाचा अंदाज निघतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणाचा गुणांक ०.६ धरला आणि चाके जाम होऊन वाहन १२ मीटर घसरत गेले असेल, तर घसरण सुरू होताना त्याचा वेग ताशी ४३ किलोमीटरच्या आसपास होता असे गणित सांगते. घसरण संपताना वाहन थांबले नसेल आणि धडकले असेल, तर मूळ वेग त्याहून जास्त होता. पावसात रस्ता ओला असेल तर हा गुणांक बराच खाली येतो आणि तेवढ्याच पट्ट्याचा अर्थ कमी वेग असा होतो. म्हणून पंचनाम्यात रस्ता कोरडा होता की ओला, याची नोंद महत्त्वाची असते. चाके जाम न होऊ देणारी ब्रेक यंत्रणा असलेल्या गाड्यांचे पट्टे फिके असतात किंवा उठतच नाहीत. पट्टा नाही म्हणजे ब्रेक लावलाच नाही, असा निष्कर्ष तिथे चुकतो.

यापुढचा प्रश्न दिसण्याचा. चौकाच्या कोपऱ्यावर कुंपणाची भिंत आहे आणि दोन्ही वाहने धडकेच्या बिंदूपासून १५ मीटरवर आल्यावरच चालकांना एकमेकांची गाडी दिसते, असे समजू. ताशी ४० किलोमीटर वेगाने हे अंतर १.३५ सेकंदात संपते. सावध चालकालाही पाहून ब्रेकवर पाय नेईपर्यंत एक सेकंद लागतो. त्या सेकंदात गाडी ११ मीटर पुढे जाते आणि ब्रेक लागल्यावर थांबायला आणखी साडेदहा मीटर लागतात. म्हणजे एकूण साडेएकवीस मीटर हवेत आणि हाताशी आहेत १५. ताशी २० किलोमीटर वेग असेल, तर दोन्ही मिळून जेमतेम सव्वाआठ मीटर पुरतात. त्या भिंतीपाशी वेग २० वर आणणारा चालक वाचतो आणि ४० ने येणारा नियमाने बरोबर असूनही धडकतो. भारतीय रस्ते परिषद रस्त्यांची आखणी करताना चालकाच्या प्रतिसादासाठी अडीच सेकंद धरते. त्या हिशेबाने थांबण्याएवढी दृष्टी मिळायला ताशी ३० किलोमीटरला ३० मीटर आणि ५० किलोमीटरला ६० मीटर अंतर मोकळे हवे.

म्हणून चांगल्या पंचनाम्यात रस्त्यांची रुंदी, दिशा, धडकेची जागा, वाहनांची स्थिती, पट्ट्यांची लांबी, उजेड, हवामान, कोपऱ्यावरची भिंत, टपरी, उभी वाहने आणि झाडी या सगळ्यांची मोजमापासह नोंद असते. 'अंदाजे वीस पावलांवर' अशा नोंदीतून वर दिलेले कोणतेही गणित करता येत नाही. मोटार वाहन निरीक्षक वाहनांची तपासणी करून ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि दिवे अपघाताआधी ठीक होते का, याचा अहवाल देतो. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. घटनास्थळाचा नकाशा आणि यांत्रिक तपासणी त्याच्यासोबत जाते.

दुकानांच्या दारावरचे कॅमेरे आणि गाडीच्या काचेवरचा डॅशकॅम यांनी अशा प्रकरणांत मोठा फरक पाडला आहे. चित्रणातल्या दोन खांबांमधले अंतर मोजून आणि तेवढे अंतर कापायला लागलेला वेळ पाहून वेग काढता येतो. चित्रण पुराव्यात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. बरेच कॅमेरे काही दिवसांनी जुने चित्रण पुसून त्यावर नवे घेतात, म्हणून ते वेळेत मागणे जरुरीचे ठरते. जखमींना हलवायला विलंब करू नये, हे सर्वांत आधी. त्यानंतर वाहने बाजूला घेण्यापूर्वी चारही वाटांकडून, पाठीमागची इमारत किंवा खांब चौकटीत येईल अशी छायाचित्रे घेतली, तर पुढच्या अनेक वर्षांचे वाद मिटतात.

एक अपघात, दोन न्यायालये

धडकेत कोणी जखमी झाले किंवा दगावले, तर प्रकरण दोन वाटांनी जाते. फौजदारी वाट शिक्षेकडे जाते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ हयगयीने वाहन चालवण्यासाठी, कलम १२५ दुखापतीसाठी आणि कलम १०६ मृत्यूसाठी लागते. हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दल जुन्या दंड संहितेत कमाल दोन वर्षे कैद होती, ती आता पाच वर्षे झाली आहे. इथे गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. शंका उरली तर तिचा फायदा आरोपीला मिळतो.

दुसरी वाट भरपाईची. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण कलम १६६ खालच्या अर्जावर दिवाणी मापाने विचार करते. दोन शक्यतांपैकी जास्त संभवनीय कोणती, एवढे तिथे पुरते. फौजदारी खटल्यात चालक सुटला तरी भरपाईचा दावा बुडत नाही, हे न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात स्पष्ट केले. २००९ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा सांगितले, की अपघात अमुक रीतीने घडला हे काटेकोर सिद्ध करण्याची सक्ती दावेदारावर करता येत नाही. पोलिसांनी कोणावर दोषारोपपत्र ठेवले, हा न्यायाधिकरणापुढचा एक पुरावा असतो. तो अंतिम शब्द नसतो. २०१९ च्या दुरुस्तीने या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली.

काही अपघातांत घटनाच स्वतःबद्दल बोलते. नागपूरहून पांढुर्ण्याला निघालेली मोटार रस्ता सोडून झाडावर आदळली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये हेच तत्त्व लावले. नीट चालवलेली गाडी सहसा रस्ता सोडत नाही, तेव्हा खुलासा करण्याचे ओझे चालकाच्या बाजूवर. चौफुलीवर हे तत्त्व लंगडे पडते. तिथे चालणारी वाहने दोन असतात आणि घटना एकाच्या बाजूने बोलत नाही.

दोषाची टक्केवारी

एकेकाळी इंग्लंडच्या कायद्यात वाटणी नव्हती. १८०९ मध्ये एका घोडेस्वाराचा रस्त्यात आडव्या ठेवलेल्या खांबाला अडखळून अपघात झाला. खांब ठेवणाऱ्याची चूक उघड होती, पण स्वार फार वेगात होता म्हणून त्याला काहीच मिळाले नाही. स्वतःची थोडी चूक असली की दावा पूर्ण बुडायचा. हा नियम फार कठोर आहे हे लक्षात आल्यावर १८४२ मध्ये पळवाट निघाली. पाय बांधून रस्त्यावर सोडलेल्या गाढवाला एका घोडागाडीने चिरडले, तेव्हा अपघात टाळण्याची शेवटची संधी गाडीवानाला होती असे म्हणून गाढवाच्या मालकाला भरपाई मिळाली. अखेर १९४५ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये दोषाच्या प्रमाणात भरपाई कमी करण्याची पद्धत आली. भारतात असा स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला नाही. न्यायालयांनी न्यायबुद्धीने तेच तत्त्व स्वीकारले. १९७० च्या दशकात मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने बस आणि मोटारसायकलच्या धडकेत दोघांनाही जबाबदार धरून मोटारसायकलस्वाराचा वाटा दोनतृतीयांश ठरवला. तो निकाल या विषयावर आजही आधाराला घेतला जातो.

आपल्या उदाहरणाकडे वळू. मोटारीने उजवीकडून आलेल्या जीपला वाट दिली नाही. कॅमेऱ्यातून जीपचा वेग भिंतीच्या कोपऱ्यावर ५० च्या पुढे निघाला. अशा वेळी मोटारीचा वाटा मोठा आणि जीपचा लहान, असा निष्कर्ष निघू शकतो. समजा, ७० आणि ३० टक्के. मोटारीच्या जखमी चालकाची भरपाई १० लाख रुपये ठरली, तर जीपच्या विमा कंपनीकडून त्याला ३ लाख मिळतील. जीपचा चालक तेवढाच जखमी असेल, तर त्याला मोटारीच्या विमा कंपनीकडून ७ लाख मिळतील. हे आकडे कोणत्याही कोष्टकातून येत नाहीत. कोणाला आधी दिसले, कोणाला थांबता आले असते, कोणाचे नियमभंग किती गंभीर होते, यांची तुलना करून ते ठरतात. पुराव्यावरून कमी-जास्त ठरवणे अशक्य झाले, की अनेकदा निम्मी-निम्मी वाटणी होते.

ही कपात फक्त स्वतःची चूक असलेल्या दावेदाराला लागते. तिला अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात. मोटारीच्या मागच्या सीटवर बसलेल्या प्रवाशाची काहीच चूक नसते. त्याच्या दृष्टीने दोन्ही चालकांचा निष्काळजीपणा संयुक्त असतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दोन बसच्या धडकेच्या प्रकरणात हा भेद समजावून सांगितला. २०१५ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले, की संयुक्त निष्काळजीपणात दावेदार आपली पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही घेऊ शकतो. मग त्या दोघांनी आपापसात हिशेब करावा. आपल्या प्रवाशाची भरपाई १० लाख असेल, तर तो पूर्ण १० लाख जीपच्या विमा कंपनीकडूनही मागू शकतो.

वाटणी करताना काही गोष्टी दोषात धरता येत नाहीत. २००८ च्या एका निकालानुसार परवाना नसणे हा वेगळा गुन्हा आहे, पण तेवढ्यावरून अपघातातला वाटा सिद्ध होत नाही. २०२० मध्ये मोटारसायकलवर तिघे बसल्याबद्दल हेच म्हटले गेले. त्या तिघांमुळे अपघात घडला किंवा इजा वाढली, हे दाखवावे लागते. २०१३ मध्ये केरळच्या एका प्रकरणात न्यायालयाने म्हटले, की अपघातानंतर वाहने कुठे उभी होती एवढ्यावरून कोणाचा दोष ठरवता येत नाही. दुसऱ्याच्या चुकीमुळे अचानक ओढवलेल्या क्षणी एखाद्याने गोंधळून चुकीच्या बाजूला स्टिअरिंग फिरवले, तर तो गोंधळ त्याच्या नावावर मांडला जात नाही, हेही न्यायालयांनी मान्य केले आहे.

दोष न ठरवता मिळणारे

प्रत्येक कुटुंबाला हा लांबचा रस्ता झेपत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १६४ प्रमाणे मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात आणि तिथे कोणाची चूक हे सिद्ध करावे लागत नाही. धडक देणारे वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. ज्या चालकाची स्वतःचीच पूर्ण चूक ठरते त्याला दुसऱ्याच्या विम्यातून दोषाधारित भरपाई मिळत नाही. त्याच्यासाठी मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो.

ज्या धडकेत फक्त पत्रा चेपतो, ती बहुधा चौकातच मिटते. मालमत्तेच्या नुकसानीसाठीही न्यायाधिकरणात जाता येते, पण बंपरसाठी तितकी वाट पाहायला कोणी तयार नसते. दोघेही आपापल्या सर्वंकष विम्यातून दुरुस्ती करून घेतात. त्यात दोष कोणाचा हा प्रश्न जवळपास बाजूलाच पडतो आणि निर्दोष माणसाचीही 'नो क्लेम बोनस'ची सवलत जाते. दाव्याविना सलग वर्षे गेली की ही सवलत २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढते. म्हणून किरकोळ नुकसान असेल तर लोक खिशातून खर्च करतात. चौकात रोख घेऊन मिटवताना दोन ओळींचा सहीचा कागद करून घ्यावा, असे वकील सांगतात, कारण मानेचे किंवा पाठीचे दुखणे दुसऱ्या दिवशी उमटू शकते.

तिसरा पक्ष

दोन वाहनांच्या वाटणीत एक पक्ष सहसा कागदावर येत नाही आणि तो म्हणजे रस्ता. कोपऱ्यावर दृष्टी अडवणारी भिंत, वाढलेली झाडी, चौकाच्या तोंडाशी उभा टेम्पो, उसाच्या हंगामात फाट्यावर थांबलेल्या ट्रॉल्या, पुसून गेलेला पट्टा, पडून गेलेली पाटी यांतले काहीच चालकांच्या हातात नसते. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११६ ने चिन्हे उभारण्याचा अधिकार सरकारला आणि त्याने नेमलेल्या प्राधिकरणांना दिला आहे. २०१९ मध्ये आलेल्या कलम १९८अ प्रमाणे रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पंचनाम्यात भिंतीची उंची आणि टेम्पोची जागा लिहिलेलीच नसेल, तर हे कलम वापरायला आधार उरत नाही.

उपाय मात्र स्वस्त आहेत. लहान रस्त्याच्या तोंडाशी लाल कडेचा उलटा त्रिकोण, म्हणजे 'वाट द्या' ची पाटी, लावली आणि रस्त्यावर तुटक दुहेरी पट्टा मारला, की मुख्य रस्ता कोणता हा वाद संपतो. जिथे दिसतच नाही तिथे लाल अष्टकोनाची 'थांबा' पाटी लावावी लागते. कोपऱ्यावरच्या भिंतीची उंची कमी करणे किंवा कोपरा तिरका कापणे, तोंडाशी वाहने उभी करण्यास मनाई करणे, उंचवटा बांधून वेग २० वर आणणे आणि जागा असेल तिथे छोटे वर्तुळ करणे, एवढ्याने ३२ बिंदूंतली बरीच भांडणे मिटतात. 'थांबा'ची पाटी मोडून पुढे जाणे कलम १८४ मध्ये धोकादायक वाहन चालवण्याच्या व्याख्येत आता स्पष्ट नमूद आहे. त्यामुळे पाटी लागली, की पुढच्या अपघातात दोष ठरवणाऱ्याचे कामही सोपे होते. पाटी लागेपर्यंत उजवीकडे बघणे, वेग २० वर आणणे आणि दुसरा थांबेल असे गृहीत न धरणे, या तीन गोष्टी कायद्यालाही अपेक्षित आहेत. दोषाची टक्केवारी त्यांवरूनच काढली जाते.